रकाना अकरा

मांजरीच्या या रोपवाटिकेत
दर महिन्याच्या पंचवीस तारखेला
मी साबणानं हात धुतो.
एरवी कोण धुतंय. चिकूचा चीक
चाळीस वर्षं नखांत बसलाय, तो काही निघत नाही,
पण कागदावर डाग पडला तर
पोर्टल घेत नाही म्हणे.

हजेरीपत्रक. शिकाऊ उमेदवार दोन.
दीक्षा सोनकांबळे, मूळ उदगीर, सध्या हडपसर, कॉट बेसिसवर.
अदनान तांबोळी, लोणी काळभोर.
मी सही करतो, मालक शिक्का मारतात,
मग शासनाचा वाटा कुठून तरी निघतो
आणि ठिकठिकाणी पाणी पीत, सावली बघत
पोरांच्या खात्यात पोचतो.
कधी पोचतो. कधी तीन महिने वाटेतच बसतो.

अदनाननं वाट पाहिली. मग सोडली.
आता तो मगरपट्ट्यात जेवण पोचवतो,
पाठीवर लाल पेटी.
परवा सिग्नलला भेटला, म्हणाला,
"मामा, तिथं पैसे आठवड्याला येतात."
मी काय बोलणार.
त्याचा पाचरीचा काप माझ्यापेक्षा स्वच्छ होता.

माझ्या वेळी विद्यावेतन म्हणजे
गेनबा उरसळांचा अर्धा कप चहा
आणि काप तिरका गेला की मनगटावर काडी.
दोन वर्षं नुसत्या पिशव्या भरल्या.
चाकू मिळाला तिसऱ्या वर्षी, तोही बोथट.

दीक्षाला पहिल्याच आठवड्यात दिला.
फार विचारायची. आधी आधी चीड यायची.
खुंट कोवळाच का?
काडीची पानं दहा दिवस आधी का छाटायची?
मला उत्तर येत होतं, शब्द येत नव्हते.
मी हातानं दाखवायचो, ती वहीत लिहायची.
दिवाळीपर्यंत तिच्या शंभरातली सत्तर जगायला लागली.

मग तपासणीचा साहेब आला.
बूट चिखलापासून जपत, पान उलटत म्हणाला,
"रकाना अकरा रिकामा आहे.
प्रशिक्षकाची पात्रता."
म्हटलं, चाळीस वर्षं.
"वर्षं नाही चालत, प्रमाणपत्र."
त्यानं मोबाईलवर शासन निर्णय काढला,
बोटानं मोठा करून दाखवला: कलम सहा.
जन्मभर कलमंच बांधली मी,
हे एक बांधता येईना.

माझी सही बाद,
म्हणून तिचे पैसे अडकलेले.

साहेब वाईट नव्हता. चहा घेताना म्हणाला,
अनुभवी माणसांसाठी परीक्षा असते, एका दिवसाची.
तिला वयाची अट नाही.
विद्यावेतनाला मात्र आहे, पस्तीस.
मी एकसष्ट.
हसलो दोघंही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी, लाईट जायच्या आत,
शेडनेटखाली उलट्या क्रेटवर बसून
दीक्षा प्रश्न वाचते.
"मृदुकाष्ठ कलमासाठी खुंटाचे वय किती असावे?"
मी म्हणतो, शेंडा दोन बोटांत धरायचा,
लवला पाहिजे, पिचला नाही पाहिजे.
"मामा, महिन्यांत सांगा."

मृदुकाष्ठ.
हजारो बांधली, आणि हे त्यांचं नाव आहे
ते आत्ता कळतंय,
बायकोचं माहेरचं नाव
रेशनकार्डावर वाचून कळावं तसं.

परीक्षा रविवारी आहे, औंधला.
दोन पेन्सिली तिनंच आणल्यात. टोकही काढलं,
कलमाच्या चाकूनं. म्हणून ओरडलो.

आज दुपारी तिचा फोन पिशव्यांच्या ढिगावर
दोनदा टुणटुणला.
बँकेचा असेल, मागच्या महिन्यांचा,
नाहीतर रिचार्जची जाहिरात.
तिनं बघितलं नाही.
पट्टीचं एक टोक दातात,
दुसरं आंब्याच्या काडीभोवती फिरत होतं,
आणि अजून दोन वेढे बाकी होते.