शिरोरेघ

दौलत सोनकुसरे आधी अक्षरं लिहायचे,
रेघ सगळ्यात शेवटी.
ना पट्टी, ना दोरी. चाळीस वर्षं.
समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून मी पाहायची :
ब्रश डावीकडून निघाला की
उजव्या टोकाला पोचेपर्यंत श्वास थांबलेला,
त्यांचाही, आणि टोनर हातात धरून माझाही.

नवतपाचा तिसरा दिवस.
बडकस चौकातलं डांबर चपलांना धरून ठेवत होतं.
पत्र्यावर ‘थंडगार मठ्ठा मिळेल’, अजून बोडकंच.
“फोटो धाड गिऱ्हाईकाले,” म्हणाले,
“सांग, फक्त रेघ राह्यली. अर्ध्या घंट्यात देतो.”
स्वच्छ बोलले. हसलेसुद्धा.
मी फोटो पाठवला.

‘थंडगार’वर रेघ सरळ. ‘मठ्ठा’वर सरळ.
‘मिळेल’वर ती उतरू लागली,
भिंतीला टेकलेली सायकल घसरते तशी,
आधी इंचभर, मग सगळीच,
आणि ब्रश डब्यात नाही, पायावर पडला.

फिरोज हसला, “काका, सकाळीच घेऊन आले काय?”
काकांनी वळून पाहिलं.
मिशीचं एक टोक होतं तिथंच होतं,
दुसरं खाली आलं होतं.

मी रस्ता ओलांडला की उडी मारली, आठवत नाही.
काका, हसून दाखवा.
अर्धेच हसले.
दोन्ही हात वर करा.
डावा राहिला. उजवा आपला आपणच खाली आला,
जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.
दुकानाचं नाव सांगा.
ज्या नावावर त्यांनी स्वतः सोनेरी रंग चढवला होता
ते तोंडातून ओल्या कागदासारखं निघालं.

तोवर माणसं जमलेली.
“ऊन लागलं त्याले. कांदा हुंगवा.”
“पाणी पाजा ना बाई, पाहून काय राहिल्या?”
“थोडं लेटू द्या. उतरून जाते.”

लेटू द्या.
बाबांना लेटू दिलं होतं आम्ही.
मारबत पाहून आले, म्हणाले जीभ जड वाटते.
आईनं पंखा वाढवला, दार लोटून घेतलं,
मी तर भावाला रागावले, आवाज नको करू.
दिवेलागणीला उठवलं तेव्हा अर्धेच उठले.
डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून?
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
“थोडं आधी आणलं असतं तर...”
त्यांनी वाक्य सोडून दिलं.
बाबांनी पुढची सहा वर्षं सगळीच वाक्यं तशी सोडली.

मी पाण्याचा पेला हिसकला. घास-घोट काही नाही.
एकशे आठला ओरडून सांगितलं : ऊन नाही, लकवा आहे,
जिथं डोक्याचं सिटी स्कॅन होतं तिथंच न्यायचंय.
फिरोज त्यांना कुशीवर धरून बसला,
आता त्याचीच हनुवटी थरथरत होती.

मेडिकलमध्ये एक मुलगी, डॉक्टर, माझ्याहून लहान :
“शेवटचे ठीक कधी होते?”
मी फोन पुढे केला.
तिनं मठ्ठा वाचला नाही, वेळ वाचली.
अकरा दहा.
भिंतीवरच्या घड्याळात बारा व्हायला पाच कमी.
“चला,” म्हणाली, आणि स्ट्रेचर पळालं.
स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, गुठळी होती.
गुठळी विरघळवायच्या औषधाला साडेचार तासांची मुदत असते,
आणि ते चार तास कसे मुंगीच्या पायांनी जातात
हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

पाटी गिऱ्हाईकानं तशीच नेली.
घाई होती, मठ्ठा उन्हाळ्यातच विकला जातो.
इतवारीत टांगलीय. तिथून जाताना मी मान वळवते.

दिवाळीनंतर काका दुकानात आले.
बोलणं परत आलंय, थोडं थांबून थांबून,
शब्द आधी मनात आखून घेतल्यासारखं.
परवा त्यांनी जन्मात पहिल्यांदा दोरी मागितली.
गठ्ठे बांधायची सुतळी दिली मी.
एक टोक फिरोजनं धरलं,
एक त्यांनी, उजव्या हाताच्या तीन बोटांत.
रेघ अजून जराशी उतरतेच.
“चालते,” म्हणाले.

सकाळी येते तेव्हा मी आधी समोर पाहते,
मिशीची दोन टोकं.
मग शटर उचलते.