पिळणी

भुसावळात मे महिन्यात दुसरा चिमटा लावेपर्यंत
पहिल्या चिमट्याखालचा टॉवेल कडक होतो.
अशा गावात मी कपडे पिळायची यंत्रं गोळा करते.
हसा. लोको शेडमधले सगळे हसले.

आतापर्यंत सहा झाली.
एक मनमाडच्या भंगारवाल्याकडची,
तिच्यात तो काळं ऑइल साठवायचा.
एक चाळीसगावला, शाळेच्या गच्चीवर;
टपात पारव्याची दोन पिल्लं होती,
ती उडाली, मग टेम्पो सांगितला.
आणि ही, पंधरा बंगल्यातल्या गार्डसाहेबाची.
गाव सोडताना त्याने पलंग विकला, पियानो विकला,
हिला अंगणात ठेवून गेला,
म्हातारं कुत्रं ठेवून जातात तसं.

पांढरा टप, काठाला निळी रेघ.
चौथं चाक नव्हतं, हमालाच्या ट्रॉलीचं बसवलं.
वर दोन रबरी रूळ, एकावर एक,
साठ वर्षं एकाच जागी दाबून राहिलेले,
दोघांनाही तिथे सपाट घट्टा पडलेला.
त्यावर मी काही बोलत नाही,
माझा नवरा लवकर गेला.
तो गेला म्हणून नोकरी लागली,
नोकरी लागली म्हणून पाना हातात आला,
आणि निवृत्त झाले तरी
तो हातातून काही सुटला नाही.

रबर जळगावहून चढवून आणलं,
छापखान्याचे रूळ करणाऱ्या इद्रिसभाईंकडून.
कडक किती ठेवू, त्यांनी विचारलं.
म्हटलं, अंगठ्याने दाबलं तर दबावं, पण लगेच ऐकू नये.
त्यांना बरोबर कळलं.

गिअरबॉक्स उघडला तर ग्रीसचा खरवस झालेला.
तळाच्या जाळीत गुंड्या. त्या दरवेळी असतात:
शिंपल्याच्या, हाडाच्या,
एक पितळेची, वर इंजिन कोरलेलं.
बरणी अर्धीच्या वर गेलीय.
शेजारचा गुणवंत ऊस घेऊन आला,
म्हणाला, मावशी, लिंबू पण आणलंय.

मग एका दुपारी मथुराबाई आल्या,
डोक्यावर ओलं फडकं, हातात चपला.
गार्डसाहेबाचं मशीन इथं हाय म्हने?
बसल्या नाहीत. भोवती एक फेरी मारली,
टपाच्या काठावर हात ठेवला.
उजव्या हाताचं मधलं बोट
दुसऱ्या पेरापाशी डावीकडे वळून गेलेलं,
रूळ सांधा बदलतो तसं.

अकरा वर्साची व्हती मी. चादर गेली, मंग मी गेले.

माझ्या तोंडून निघून गेलं,
ही पट्टी नव्हती का तेव्हा?
रुळांच्या माथ्यावर लोखंडी पट्टी असते,
थाप मारली की दोन्ही रूळ ताडकन फाकतात,
अडकलेलं सोडून देतात.

व्हती न माय.
तिच्यावर लिवलेलं बी व्हतं. इंग्रजीत.

पंख्याचा आवाज मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला.
मी मशीन चालू केलं. त्यांनी थाप मारली.
ताडकन.
मी रूळ पुन्हा बसवले. त्यांनी पुन्हा मारली.
किती वेळा ते मोजलं नाही,
स्प्रिंग माझी होती, तुटली तर दुसरी घातली असती.

त्या रात्री शेंदरी ऑइलपेंट घेतला
आणि पट्टीवर मराठीत लिहायला बसले:
इथे थाप मारा.
'था' काढला आणि थांबले.
मथुराबाईंना अजूनही वाचता येत नाही.

टर्पेंटाइनने पुसला. तो डाग पुरता गेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या आपणहून आल्या.
डोक्यावरचं फडकं बादलीत बुडवलं,
टोक स्वतः रुळांत दिलं,
बोटं वेळेवर काढून घेतली,
आणि पलीकडून पापडासारखं निघालं ते
झटकून डोक्यावर टाकलं.
काय बोलल्या नाहीत.
फाटकापर्यंत जाईस्तोवर ते वाळलं होतं.