दातपाडी

सड्यावर खुंटी शिरत नाही
हे ऑफिसात कुणी सांगितलं नव्हतं.
बोरबेटच्या वर, जांभ्याच्या उघड्या पाठीवर
चार घाव घातले. चारही वेळा
लोखंड कोपरापर्यंत झिणझिणत परत आलं.

म्हणून लाल फीत बांधली रामेठ्याला.
मांडीएवढं झुडूप,
भेगेत साठलेल्या ओंजळभर मातीवर उभं,
फांदीच्या टोकाशी निळसर पानांची दाटी
आणि तिच्यावर पिवळे झुबके,
बारीक नळ्यांचे, लव असलेले.
कोकणातून कड्यावर चढून येणारं वारं
माझा नकाशा फाडायला बघत होतं.
त्याला सवय होती.

"फूल तोडू नगा सायब," ठकूबाई झोरे म्हणाली,
"दातपाडी हाय ती. काडी चावली की दात हातात."
तिच्या तोंडात वरचे दोनच.
माझी नजर तिनं पकडली.
"ह्ये? ह्याला झाड कशाला लागतंय?
साठ पावसाळं पुरं की!"

मग बोलत राहिली, म्हशींकडे पाठ करून :
सासरा हिच्या सालीचा दोर वळायचा,
विहिरीचा दोर तुटंल, ह्यो न्हाई.
साल कुटून डोहात टाकली की मासं भुलत्यात.
शेळी वास घेऊन पुढं जाते.
"म्हनून ऱ्हायलीया. ग्वाड असती तर
कवाच संपली असती."

मी नमुना भरत होतो.
जमिनीचा प्रकार : पोटखराब.
खाली काय : बॉक्साईट, अंदाजे तीन मीटर.
वर काय, झाडझाडोरा :
निरंक.
लिहिताना फितीचं टोक
मनगटावर फडफडत होतं.

मार्चात वणवा गेला सड्यावरून.
मे महिन्यात फेरमोजणीला आलो
तर सगळीकडे एकच काळं, बिंदू सापडेना.
यंत्र एक सांगे, कागद दुसरंच.
ठकूबाई आली, काठी टेकली :
"हितं. ही काय."

दगडावर वितळलेल्या फितीचा लाल थेंब,
शेजारी जळका बुंधा, आणि बुडातून
सहा कोंब,
ओले वाटावेत इतके कोवळे.

नवी फीत काढली. गाठ मारायला वाकलो.
गाठ पेलेल असा एकही नव्हता.

मग टेपचं टोक मीच धरलं
आणि उभा राहिलो तिथं, पाय फाकवून,
कोंब दोन्ही बुटांच्या मधे,
पलीकडून शिंगटे आकडा ओरडेपर्यंत.
वारं होतं. ऐकू आलं नाही.
उभाच राहिलो.