पुढचा नंबर

आओमोरीत पहिला बर्फ पडला की
अजून फोन वाजतो, पहाटे, सहाच्या आत.
अकरावी 'ब'. सरांनी स्टेन्सिलवर कोरलेली यादी:
शाळा बंद असली तर
ज्यानं त्यानं आपल्या पुढच्याला कळवायचं.

मला ओसानाई कळवायचा.
तो गेला त्या हिवाळ्यात फोन आलाच नाही.
मी आपली खिडकीशी, चहा गार होईस्तोवर.
दहा वाजता इशिदातेचा घोगरा आवाज:
"आता तुझ्या आधी मीच."

बोलायचं काय असतं? गुडघे. सफरचंदांचा भाव.
लेकानं काढून घेतलेली गाडीची किल्ली.
दोन मिनिटं.
शाळेत तर तेवढंही बोललो नव्हतो.

माझ्या पुढे हाताकेयामा कियो,
यादीत अजून माहेरच्याच नावाची.
हल्ली ती नवऱ्याला काका म्हणते,
चष्मा तांदळाच्या डब्यात ठेवते.
यंदा लेकीनं फोन तिच्या कानाला धरला.
मी म्हणाले, "बर्फ पडलाय गं."
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
मग सोळा वर्षांच्या आवाजात:
"म्हणजे गणिताची परीक्षा नाही?"

"नाही. झोप तू."

ती पुढे कळवायची नाही, हे धरूनच
मी मिकामीचा नंबर फिरवला.
एंगेज.
भांडी विसळली, परत लावला. एंगेज.
तिसऱ्यांदा त्यानं उचलला,
मी तोंड उघडायच्या आत म्हणाला,
"कळलंय. कियोनं सांगितलं.
परीक्षा नाही."