खालचा कप्पा

उधाणाचं पाणी वाचनालयात शिरलं
आणि खालचा कप्पा तेवढा वाचून गेलं.
वरचे शब्दकोश, पोथ्या, देणगीदारांचे फोटो
कोरडे राहिले.

हर्णैत एवढी पानं मावतील असं ऊन एकाच ठिकाणी :
द्वारकाबायच्या वलांडीवर.
"बोंबील अजून आलं न्हाय," ती म्हणाली,
"आण तुझी कागदं, मास्तर."

शिवण सुटलेली पानं. कुठलं कशाचं, कळेना.
मी सतरा वर्षं ग्रंथपाल, वाचून वाचून लावत होतो.
तिला अक्षर येत नाही. ती नुसती बघून लावत होती,
माझ्याहून भरभर.

"ह्ये कडेपातूर भरलेलं, मधी श्वास न्हाय.
ह्ये सगळं एका जागचं."
कादंबरी.
"ह्यात डाव्या अंगाला नावं टांगलीत.
भांडतायत, पन एकेक करून."
नाटक, मी म्हटलं.
"एकेक करून? मंग भांडण कसलं त्ये!"

कवितेचं पान तिनं उन्हाला धरलं.
"ह्याला कागद फुकट मिळाला काय? अर्धा मोकळाच."
जरा थांबून :
"का जाळ्यात काय गावलंच न्हाय,
आन नुसतं जाळं सुकत घातलं?"
माझी वही पिशवीत होती.
ती पिशवी मी पायानं मागे सारली.

चरित्र आणि आत्मचरित्र मात्र तिला वेगळं करता येईना.
तसं मलाही. दोन्हीकडे तेच : जन्म, गरिबी, शाळा, सत्कार.
"एकात माणूस शेवटी मरतो," मी सांगितलं,
"दुसऱ्यात मरत नाही."
"मंग दुसरं बरं."

दुपारी वारा पलटला.
कथांवर आम्ही कालवांची टरफलं ठेवली, कादंबरीवर दगड.
भरती-ओहोटीचं कोष्टक सगळ्यात आधी वाळलं.
त्यात एकही विशेषण नव्हतं.

तळाशी देवघेवीचं रजिस्टर निघालं.
उभे चार रकाने : नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, परत.
"ह्यात काय?"
कोणी काय नेलं ते, म्हटलं.
"माझ्या रोहिदासाचं हाय?"

होतं. शाई पसरली होती, पण होतं.
रोहिदास पावसे. रहस्यकथा, क्रमांक ४१२.
नोव्हेंबरची नऊ.
चौथा रकाना कोरा.

"होडीत वाचायचा रातचा, खलाशांना.
घरी आला की मला सांगायचा, जाळं सांधताना.
माडीवर खून होतो, मंग हिरीत किल्ली गावते.
हितवर आलं होतं."
ती माझ्याकडे बघत राहिली.
"कुनी केला रं खून?"

एकच प्रत होती आमच्याकडे. ती त्याच्यासोबत.
मी वाचली नव्हती.
रहस्यकथा मी हलक्या समजायचो,
मागणाऱ्याला न बघता काढून द्यायचो.
त्यालाही तशीच दिली असणार.

"दंड किती झाला?" तिनं विचारलं
आणि कमरेची चंची सोडायला घेतली.

मी पेन काढलं. ओल्या कागदात टोक रुतत होतं.
चौथ्या रकान्यात लिहिलं : मुदत वाढवली.
"काय लिवलंस?"
वाचून दाखवलं.

ती काही बोलली नाही. रजिस्टर स्वतःच उचललं,
मधोमध उघडून वलांडीच्या पार टोकाला टांगलं,
जिथून बंदरातल्या होड्या दिसतात.
परत आली, हात पदराला पुसले, म्हणाली,
"त्ये मोकळं पान उलटव, मास्तर.
खालून वलं हाय अजून."