तक्रार क्रमांक एकेचाळीस

बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत आम्ही तिघं,
खाली लाद्या फुटतायत,
आणि प्रश्न एवढाच :
पाऊणकी कुठे ठेवायची.

पाऊणकी म्हणजे आमचा प्रोग्रॅम.
तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते,
हे हर्णैत पोरांना पाढ्यांआधी येतं.
आम्ही ते फक्त फोनात घातलं
आणि कोड उघडा ठेवला, वाळत घातलेल्या बोंबलांसारखा,
कुणीही यावं, उलटून बघावं.

निवृत्ती म्हणाला, मोठ्या कंपनीकडे ठेवू.
सगळे तिथेच आहेत. फुकट आहे.
सलमा म्हणाली, फुकट जागेचं भाडं
कधी ना कधी मासळीत वळतं करून घेतात.
तिला लहानशी संस्था हवी होती, वर्गणीवर चालणारी,
पान उघडताना जांभई देणारी.
मी म्हणालो, आपलाच सर्व्हर ठेवू, इथे, या टेबलाखाली.
तेवढ्यात वीज गेली.
कुणी काही बोललं नाही.

अंधारात निवृत्तीनं हिशेब मांडला :
तीन लॅपटॉप, तीन प्रती,
प्रत्येकीत पहिल्या ओळीपासूनचा इतिहास,
कुणी काय खोडलं, कधी, का.
एक बंदर गाळानं भरलं तरी काय बिघडतं?
कोड कुठेही जातो.

तक्रारी जात नाहीत, सलमा म्हणाली.

मग मला एकेचाळीस आठवली.
तिच्या आजोबांनी सांगितलेली, तिनं टाइप केलेली :
अष्टमीला तुमचं यंत्र सहा म्हणतं.
आंजर्ल्याच्या तोंडाशी वाळू सरकलीय, दोन वर्षं झाली.
भांगाचं पाणी तिथं उशिरा चढतं.
माझी होडी रुतली.
वीस मिनिटं घाला.
खाली माझं उत्तर, उद्धट, आकडेवारीसकट.
त्याखाली त्यांचं : या एकदा, दाखवतो.
गेलो होतो.
वीस नव्हे, बावीस निघाली.

कोडमध्ये त्यातलं उरलंय
एक अधिक चिन्ह, एक आकडा.
हुसेनमियाँ गेल्या शाबानात गेले.

वीज आली तेव्हा आम्ही एवढंच शोधत होतो,
निघताना तक्रारींचं गाठोडं कोण हातात देतं,
नावं, तारखा, माझा उद्धटपणा, सगळं जसंच्या तसं.
सलमाच्या त्या जांभईवालीकडे बटण होतं,
तळाशी, बारीक अक्षरात :
सगळं घेऊन जा.

आता पाऊणकी तिथे असते.
पान उघडेपर्यंत चहा निवतो.
मोठीकडे एक प्रत टाकलीय निवृत्तीच्या समाधानासाठी,
वर पाटी : घर पलीकडे आहे.

काल एकशे बारावी आली, दिवेआगरहून कुणाची तरी.
आमच्याकडे तेरा मिनिटं, म्हणतो.
मी लिहिलं,
येतो बघायला.