परमिट

रजिस्टरात नोंद आहे: १६.१० वादळ. फीडर बंद.
तेवढीच जागा होती.

खरं तर तेरणेच्या अंगानं
मातीचा एक खांब उभा राहिला, फिरता,
पोटात कडबा, पत्रे, कुणाचं तरी हिरवं लुगडं,
आणि बाजाराला निघाल्यासारखा
रमतगमत गाडेवाडीकडं चालू लागला.
मी आधी शेतीचा फीडर पाडला, मग गावठाणाचा.

मैनोद्दीननं शिडी गाडीला बांधली.
"ताई, शाळेच्या वाटंला तार पडलीय म्हणं.
परमिट लिवा माझ्या नावानं."
लिहिलं. वेळ टाकली. सही केली.
परमिट म्हणजे गहाण.
माणूस स्वतःचा जीव आपल्याकडं ठेवून जातो
आणि तो फक्त त्याच्याच आवाजावर सुटतो.

पाचला टॉवर आडवा झाला.
मोबाइलमधली बाई सांगत राहिली,
ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.
मला माहीत होतं तो कुठं आहे.
खांबावर आहे.
फक्त ऐकू येत नाही.

भिंतीवरचा जुना फोन तेवढा जिवंत.
दवाखान्यातून, "बाळंतीण हाय ओ,
बॅटरीच्या उजेडात टाके घालूलालाव."
लातूरहून सरपंचाचा मेहुणा,
नोकरी खाईन म्हणाला.
सगळ्यांना एकच उत्तर:
माणूस लाइनवर आहे.
दवाखान्याला ते सांगताना
माझा घसा कोरडा पडला, पण तेच सांगितलं.

आठला एक पोरगा.
"हायवेवरून बोलूलालो. रेंज हितंच हाय.
मैनोद्दीनमामा म्हणले काम झालं, चालू करा."
मामा कुठंय?
"येऊलालेत मागून, चालत. त्यांची गाडी लिंबाखाली दबली."
आला की त्याला दे.
"ताई, लेकरं रडूलालेत अंधारात."
त्याला दे.

हात मी मांडीखाली दाबून ठेवला होता.
त्याचा भरवसा नव्हता.

नऊ वाजून पाच.
खरखर. कुणीतरी दम खातंय.
"ताई."

आवाज त्याचाच वाटला.
वाटण्यावर लाइन सोडत नाहीत.
दुपारी माझ्या डब्यात काय होतं?
"अंबाडीची भाजी. खारट."
खारट नव्हती. तो रोज तसंच म्हणतो.

बरं, आता माणसं मोज.
"मी अन् गुंडेराव. दोघंबी खाली.
आर्थिंग काढलं. तार खुंटीला.
शाळेपुढं कोणी नाही, बघून आलोय."
पुन्हा सांग.
त्यानं पुन्हा सांगितलं, एकेक शब्द,
माप ओतल्यासारखा.

२१.०८ परमिट परत.
बटण दाबलं.
खिडकीतून दवाखाना लागलेला दिसला,
मग गाडेवाडी, पण अर्धीच.
उरलेल्या अर्ध्यात खांब नव्हते.
घरं होती का, ते इथून कळेना.

"ताई, ठेवू का?"
नको, म्हटलं. थांब जरा.
काही बोलू नकोस.
नुसता राहा लाइनवर.